कोपरभर गुलाब

कुंभकोणमला लोक देवळं बघायला जातात. मी सासुरवाडीला गेलो आणि कोपरं बघत बसलो. पहिलं कोपर श्रीनिवास रामानुजन यांचं, दुसरं आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या फुलवालीचं, आणि तिसरं माझं स्वतःचं, जे मी हे लिहिताना गरम पाण्याच्या पिशवीवर टेकवून बसलो आहे. तिन्ही कोपरांचा संबंध एका पांढऱ्या दोऱ्याच्या गुलाबाशी आहे.

मी बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झालो. ऑडिटर निवृत्त झाला की बँक सुटते आणि घर अडकतं. दुधाच्या पिशव्या, कामवालीचे खाडे, इस्त्रीवाल्याचे कपडे, सगळ्याची टॅली मी लावू लागलो. तिसऱ्या महिन्यात बायको म्हणाली, "चार महिने कुंभकोणमला अण्णांकडे राहू या." अण्णा म्हणजे तिचे थोरले बंधू. हा शब्द तमिळ आणि मराठी दोन्हीकडे त्याच अर्थाने चालतो, ही त्या घरातली सगळ्यांत मोठी सोय.

बायकोचं माहेर तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं त्या सुमारास, म्हणजे १६७६च्या आगेमागे, पूर्वज खाली उतरले ते उतरलेच. त्यांची मराठी ऐकताना वाटतं, आपलीच भाषा कुणीतरी साडेतीनशे वर्षं तुपात जपून ठेवली आणि मधूनमधून चिंचेच्या कोळात बुडवून काढली. याच गावात १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. अण्णा हे अशा चेहऱ्याने सांगतात की दिवाणगिरीचे पेढे काल संध्याकाळीच वाटले असावेत. पहिल्याच जेवणात पानात रसवांगी आली. ती इथल्या तमिळ घरांतही याच नावाने होते, आणि त्या नावातलं वांगं आपलं आहे, हे अण्णांनी मला ताक येईपर्यंत चारदा सांगितलं.

येताना मी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा बरोबर घेतला होता. त्यात आईचं टॅटिंगचं शटल होतं. बोटभर लांब, होडीसारखं, दोन पात्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली, आणि मधे दोरा गुंडाळलेला. आमच्या घरी रुमाल, परकर, झबली, टोपडी, ज्याला म्हणून कड आहे त्याला आईच्या टॅटिंगची लेस होती. त्या रुमालाला नाक पुसण्याची कुणाची छाती नव्हती. मला नवव्या वर्षी गोवर आला तेव्हा अंग खाजवू नये म्हणून आईने माझ्या हातात शटल दिलं. गोवर गेला, गाठ राहिली.

ती गाठ समजावून सांगणं अवघड आहे, पण ती समजल्याशिवाय माझं दुखणं समजायचं नाही. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचं कडं करायचं आणि उजव्या हातातलं शटल त्या कड्याखालून नेऊन वरून परत आणायचं. आता शटलचा दोरा डाव्या दोऱ्याला मिठी मारून बसतो. ही मिठी चुकीची. इथे डावी बोटं ढिली सोडायची, शटलचा दोरा ताठ ओढायचा, आणि मिठी उलटते. टक् असं जाणवतं बोटांना. क्षणापूर्वी जो बिलगला होता तो सरळ उभा, आणि जो ताठ होता तोच त्याला बिलगलेला. ही अर्धी गाठ. तिच्याच उलट दिशेने दुसरी अर्धी घातली की एक पुरी. गाठ नीट उलटली असेल तर आतल्या दोऱ्यावर ती मण्यासारखी सरकते आणि शेवटी दोरा ओढला की सगळ्या गाठींची एक गोल कडी बंद होते. एखादी गाठ उलटायची राहिली तर कडी बंद होत नाही. आणि हे कळतं ते शेवटीच. म्हणजे ओढेपर्यंत सुरगाठ, ओढल्यावर निरगाठ. विणकाम उसवता येतं, क्रोशा तर एका हिसक्यात उलगडतो. टॅटिंगची बंद झालेली कडी सुईने, भिंगाने आणि शिव्यांनी उसवावी लागते.

लहानपणी माझी मजल सपाट लेसपर्यंत होती. कुंभकोणमच्या ओट्यावर बसून मी एकदम गुलाबाला हात घातला. नुसता चपटा गुलाब नव्हे, उठावाचा, कपावर ठेवला तर कपावर बसेल असा. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये म्हणतात, ते माझ्यासाठीच.

गुलाबाची युक्ती अशी. मधोमध १२ गाठींची कडी, तिच्यात दर दोन गाठींमागे एक फट, अशा सहा फटी. पहिल्या फेरीत सहा पाकळ्या, प्रत्येकी ७ गाठींची कमान, एका फटीतून दुसरीत. दुसरी फेरी पहिलीच्या मागून, त्याच सांध्यांना अडकवून, पण पाकळी १० गाठींची. तिसरीला १३, चौथीला १६. अंतर तेवढंच आणि कमान लांब, मग ती बिचारी जाणार कुठे? ती बाहेर फुगते, वर उचलली जाते आणि पुढच्या फेरीला पाठीशी घालते. सहा माणसांच्या बाकावर नऊ जण बसले की शेवटचे जसे अर्धे उभे असतात, तसा हा उठाव. सगळी कला दाटीवाटीची आहे.

पहिला गुलाब चार संध्याकाळी चालला. झाल्यावर तो फ्लॉवरसारखा दिसत होता. भाजीच्या.

ओट्यावर बसलं की कुंभकोणमची गल्ली आपल्याला वाचायला घेते. वेष्टी नेसलेले तीन निवृत्त गृहस्थ रोज संध्याकाळी डिग्री कॉफी पिऊन यायचे, पितळी डवऱ्यातून पेल्यात ओतलेल्या त्या कॉफीचा वास मिशीत घेऊन माझ्यासमोर थांबायचे. गावाची पानं तर प्रसिद्धच, तोंडात विडा, त्यामुळे प्रश्न हाताने. मी गुलाब दाखवायचो. एकदा एकाने विडा थुंकून स्पष्ट विचारलं, "एन्न सार, वेट्टि वेलैया?"

अण्णांनी आतून भाषांतर पुरवलं. वेलै म्हणजे काम. वेट्टि म्हणजे रिकामं, फुकटचं. मग त्यांच्यातला मराठा जागा झाला आणि ते म्हणाले, "आपली वेठ. वेठबिगारीची. तोच शब्द." मला अपमानाची व्युत्पत्ती मिळाली. अपमान त्यामुळे कमी होत नाही, पण घरचा वाटतो.

खरं तर ते गृहस्थ चुकलेही नव्हते. फ्रेंच लोक टॅटिंगला फ्रिव्होलिते म्हणतात, म्हणजे उथळपणा, वायफळ उद्योग. इटालियन नावात गप्पाटप्पा आहेत. १८८६ साली तेरेझ द दिल्मोंने सुईकामाचा जाडजूड कोश काढला, त्यात या वायफळ उद्योगाला स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच्याही आधी, १८५० साली, रिएगो द ला ब्रांशार्दिएर अशा भारदस्त नावाच्या बाईंनी लंडनला टॅटिंगवर पुस्तक छापलं होतं. म्हणजे पॅरिसपासून कुंभकोणमपर्यंत या कामाबद्दल एकमत आहे. तमिळ मुलखाला लेस काही नवी नाही. नागरकोईलला मिशनऱ्याची बायको मार्था मॉल्ट हिने १८२०च्या दशकात मुलींना उशीवरची लेस शिकवायला सुरुवात केली, आणि त्या लेसच्या पैशावर कित्येक बायकांची घरं चालली. पण तिथे कामाला भाव होता. माझ्या गुलाबाला फक्त प्रेक्षक.

मग मला हिरव्या पानांची हौस आली. दोन रंग म्हणजे दोन शटलं. गावात सुतापासून रेशमापर्यंत सगळे दोरे मिळतात, पण टॅटिंगचं शटल कुणी ऐकलेलं नव्हतं. अण्णांना विचारलं, शटलला तमिळमध्ये काय म्हणतात? म्हणाले, "नाडा." मी दुकानात जाऊन ठणकावून नाडा मागितला. दुकानदाराने विचारलं किती मीटर. मी म्हटलं मीटर नको, एक नग पुरे. त्याने माझ्या पँटकडे काळजीने पाहिलं आणि पांढऱ्या फितीचं आख्खं रीळ पुढे केलं. या भाषेत विणकराचा धोटाही नाडा आणि आपला नाडाही नाडाच. मी ते रीळ घेऊन परत आलो, कारण मागे गिऱ्हाइकांची रांग होती आणि सगळे माझ्या पँटकडेच बघत होते.

समोरच्या घरात रेशीमकाम करणारं सौराष्ट्री कुटुंब आहे. या विणकरांच्या पिढ्या इथे गेल्या, पण घरात अजून ती जुनी बोली. कानाला अशी लागते की वाटतं, मराठी पलीकडच्या खोलीत बसून बोलते आहे आणि शब्द तेवढे ऐकू येत नाहीत. त्यांच्या आजोबांनी माझी अडचण ऐकली, आत गेले, आणि खरा धोटा घेऊन आले. हातभर लांब लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं. याने गुलाब झाला नसता, खून झाला असता. मी कोपरापासून हात जोडले. शेवटी माझं मुदत संपलेलं एटीएम कार्ड मी कात्रीने कापलं आणि दोन खाचा पाडून त्याचं शटल केलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत बँकेच्या त्या कार्डातून एवढं काही निघालं नव्हतं.

आता पहिलं कोपर. सारंगपाणी देवळाच्या समोरच्या गल्लीत रामानुजन यांचं घर आहे, बैठं, कौलारू, आत एक खाट खिडकीला लावलेली. वडील साडीच्या दुकानात कारकून. कागद महाग, म्हणून हा मुलगा पाटीवर गणित करायचा आणि पाटी भरली की कोपराने पुसायचा. फडकं शोधण्यात विचार तुटतो. १९०४ साली टाउन हायस्कूलमधून गणिताचं बक्षीस घेऊन तो बाहेर पडला आणि लगेच इथल्याच सरकारी कॉलेजात गणित सोडून बाकी विषयांत आपटला, त्यात शिष्यवृत्ती गेली. त्या खाटेसमोर उभा राहून मला रामानुजन यांचा हेवा वाटला तो बुद्धीचा नव्हे, तिची पात्रता माझ्यात नाही. हेवा त्या कोपराचा. चुकलं की पुसलं! मी त्याच आठवड्यात तिसऱ्या गुलाबाच्या चौथ्या फेरीत ८७व्या गाठीला चुकलो होतो, आणि रात्री दीडपर्यंत सुईने उसवत बसलो होतो.

परत येताना मी गाठींची बेरीज केली. सवय जात नाही. १२ मधल्या, मग ४२, ६०, ७८ आणि ९६. एकूण २८८. शेजारच्या घरात गणित शिकणारी एक कॉलेजकन्या आहे, तिला मी हे सहज म्हटलं, २८८ गाठी, म्हणजे अर्ध्या गाठी ५७६. तिने एक क्षण वर बघितलं. म्हणाली, "अंकल, एकाचा पहिला घात, दोनाचा वर्ग, तिनाचा घन, चाराचा चौथा घात. एक, चार, सत्तावीस, दोनशे छप्पन्न. बेरीज करा." मी केली. २८८. मी पुन्हा केली, कारण ऑडिटरने एकदाच बेरीज करणं म्हणजे गोसाव्याने एकदाच आंघोळ करण्यासारखं. २८८च. माझी नमुन्याची वही मुंबईच्या रद्दीतून आणलेली, तिच्यात हे कुठे लिहिलेलं नव्हतं. त्या रात्री मी गुलाब उशाशी घेऊन झोपलो. सकाळी मान धरली होती.

मान बरी झाली तोवर कोपर गेलं. डॉक्टरांनी दाबलं, मी ओरडलो, ते म्हणाले, "टेनिस एल्बो. टेनिस खेळता?" मी म्हटलं, "नाही, गुलाब करतो." त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने मान हलवली, ज्याचा अर्थ या गावात होही होतो आणि नाहीही.

दुसरं कोपर मात्र ठणठणीत आहे आणि सगळा तोरा त्याचाच आहे. गल्लीच्या तोंडाशी लाकडी पाटावर पूक्कारम्मा बसते. पू म्हणजे फूल, म्हणून पूक्कारम्मा, फुलवाली. समोर ओल्या फडक्यावर मोगऱ्याच्या कळ्या, बाजूला कनकाम्बरम, म्हणजे आपली अबोली, थोडा मरवा, थोडा दवणा, आणि एका टोपलीत पन्नीर रोजा, गावठी, गुलकंदाच्या वासाचा. दोरा नाही, सुई नाही. केळीच्या सोपट्याची वाळवलेली, पाण्यात भिजवलेली नार. दोन कळ्या या तोंडाने, दोन त्या तोंडाने, मधे नार, बोटाभोवती एक वेटोळं, आणि ओढ. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तीच. माझी अर्धी गाठ! फक्त माझा गुलाब चार संध्याकाळी घेतो, आणि ती बाई रिक्षावाल्याशी भांडत, सुट्टे मोजत, नातवाला दटावत कळ्यांमागून कळ्या आवळत जाते. हातांकडे बघत नाही. बघत असती तर तिलाही २८८पर्यंत मोजावं लागलं असतं.

गजरा विकायचा तो मोळमच्या मापाने. मोळम म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. फूटपट्टी नाही, तराजू नाही, वैधमापन खातं नाही. माप विकणाऱ्याच्या अंगालाच उगवलेलं. आपल्याकडेही हातभर म्हणतोच, पण आपण त्याने काकडी मोजतो. माझ्यातला ऑडिटर हादरला. पूक्कारम्मा चार फूट दहा इंच असेल, तिचं मोळम माझ्या मोळमपेक्षा चांगलंच कमी. शिवाय मोजताना ती बोटं किंचित मुडपते. हे मी बायकोच्या कानात सांगितलं. बायको म्हणाली, "गप्प बसा. फुलं कोपराने मोजतात, डोक्याने नाही."

एके दिवशी धीर करून मी माझा सगळ्यांत बरा, म्हणजे सहावा गुलाब तिच्यासमोर धरला. तिने घेतला तो थेट नाकाला लावला. सवय. मग अंगठ्याने पाकळ्या उलट्या केल्या, गाठ निरखली, दोन बोटांनी ओढून पाहिली. जाणकार माणूस पाठीमागून बघतो. म्हणाली, "नल्ला इरुक्कु सार. आना वासनै इल्लै." चांगला आहे, पण वास नाही. वासनै म्हणजे सुवास. पण अण्णा शेजारी उभे होते आणि अण्णांनी भरगल्लीत मोठ्याने मराठी केलं, "ती म्हणते, वासना नाही!" या वयात ती तरी कशाला हवी होती, पण जाहीर होण्याचं कारण नव्हतं.

मग तिने परीक्षा घेतली. चार कळ्या आणि नार माझ्या हातात दिली. आयुष्यभराची गाठ, मी रुबाबात घातली, टॅटिंगची कडी आवळतो तशी आवळली. चारही कळ्यांचे देठ कापले गेले आणि मुंडकी माझ्या मांडीत पडली. मला तोवर एवढंच माहीत होतं की गाठ घट्ट हवी. इथे गाठ कळीला कळू न देता बसवायची असते. संध्याकाळपर्यंत टिकली की काम झालं, कारण सकाळी नवी विकायची आहे. दोऱ्याची गाठ शंभर वर्षं टिकते आणि कुणाला काही विकत नाही. तिने त्या चार मुंडक्यांचे पैसे मागितले नाहीत, फक्त माझ्या मांडीतून उचलून पाण्यात टाकली.

मला वाटलं विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी तिने मला हाक मारली. तिच्या पाटामागे भिंतीवर पिळ्ळैयारची, म्हणजे गणपतीची, तसबीर आहे. तिला रोज एक मोळम मोगरा जातो. महिन्याचे तीस मोळम, हा हिशेब तिने माझ्यासमोर बोटांवर केला आणि मला प्रथमच त्या गल्लीत कुणीतरी आपल्या जातीचं भेटलं. तर हे न सुकणारे रोजा एक मोळमभर करून दिले तर तसबिरीला कायमची माळ होईल. वासाचं काय? तिने कमरेच्या पिशवीतून जव्वादूची, म्हणजे सुगंधी पुडीची, डबी काढून दाखवली. चिमूटभर चोळायची, देवाला वास आला की झालं. बदल्यात माझ्या बायकोला रोज अर्धं मोळम मोगरा.

मी मनात टॅली मारली. एक गुलाब साडेचार सेंटिमीटर. मोळम धरा पंचेचाळीस. दहा गुलाब, चाळीस संध्याकाळी, २८८० गाठी. आमच्या मुक्कामाचे उरलेले दिवस त्रेचाळीस. जमण्यासारखं होतं. कोपराला पट्टा बांधला आणि होकार दिला. बायको तेव्हापासून मला संध्याकाळची भाजी आणायला सांगत नाही. ओट्यावरचे तिघे आता प्रश्न विचारत नाहीत, आकडा विचारतात. मी बोटं दाखवतो. काल चार होती.

एकच कलम ठरायचं राहिलं होतं, ते परवा ठरलं. मी म्हटलं, माप अर्थातच तुझ्या हाताने. तुझा धंदा, तुझं मोळम. पूक्कारम्मा हसली. विकताना तिचं कोपर, म्हणाली, पण ही तर खरेदी आहे. खरेदीचं माप तिच्या मुलाच्या हाताने. मुलगा लॉरीवर असतो, शुक्रवारी येईल.

मी त्याला पाहिलेला नाही. अण्णांनी पाहिला आहे. मी विचारलं, उंचीला कसा आहे? अण्णांनी त्यांच्या त्या तुपातल्या मराठीत एकच शब्द सांगितला.

"आजानुबाहू."